छापलं म्हणजे सांगितलं

शुक्रवारी आमच्या घराला खळीचा वास यायचा. गव्हाच्या पिठाची, पातळ, कीड लागू नये म्हणून चिमूटभर विषारी मोरचूद घालून शिजवलेली खळ. आई ती एका काळ्या पडलेल्या पातेल्यात करायची आणि त्या पातेल्याला इतर दिवशी हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. सकाळी शहापूरच्या स्टँडवर कल्याणहून येणाऱ्या एसटीतून छापलेल्या पेपराचे गठ्ठे उतरायचे, बाबा ते रिक्षात घालून घरी आणायचे, आणि मग पडवीत सतरंजी पसरून दुपारपर्यंत घड्या, पट्ट्या, खळ आणि पत्ते असा कारखाना चालायचा. सणाला पुरणपोळी होवो न होवो, शुक्रवारी जवळा घातलेली वांग्याची भाजी आणि तांदळाची भाकरी व्हायचीच, कारण मदतीला आलेल्या बायकांना जेवू घातल्याशिवाय पाठवायचं नाही असा आईचा नियम होता. खळीचा आणि सुक्या जवळ्याचा मिळून एक वास होतो. तो आजही कधी नाकाशी आला तर मला आधी भूक लागते आणि मग लगेच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

'भातसाकाठ' हे बाबांचं साप्ताहिक. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की या पत्राचे मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक अमुक अमुक, आणि पुढे एकट्या बाबांचं नाव. आई म्हणायची, चौघं आहेत पण जेवायला एकच बसतात, तेवढं बरं. बाबा आधी भातसानगरला धरणाच्या ऑफिसात कारकून होते. धरणातलं पाणी मुंबईला जातं आणि धरणाच्या अंगाखांद्यावरच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे ते रोज खिडकीतून पाहत होते, आणि नोकरीत असताना त्यावर बोलता येत नव्हतं. म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि पेपर काढला. हे कारण खरं होतं. लोकांनी 'संपादक' म्हणून हाक मारलेली त्यांना फार आवडायची, हे दुसरं कारणही खरं होतं. वर्षातून एकदा वर्धापनदिन व्हायचा. प्रमुख पाहुणे बाबांना शाल घालायचे, बाबा प्रमुख पाहुण्यांना शाल घालायचे, आणि दोन्ही शाली बाबांनीच बाजारातून आणलेल्या असायच्या. पुढच्या अंकात पहिल्या पानावर फोटो. पाहुणे त्या अंकाच्या जास्तीच्या प्रती मागवून घ्यायचे, त्यामुळे शालींचा खर्च निघायचा. मी हे लहानपणापासून पाहिलं असल्यामुळे पुढे आयुष्यात मोठमोठ्या सत्कारसमारंभांना गेले तेव्हा मला पहिला प्रश्न हाच पडत आला की शाल कोणी आणली असेल.

घड्या घालायला येणाऱ्या बायकांत चांगुणामावशी मुख्य. ती माझी सख्खी मावशी नव्हे. आईला ती 'ताई' म्हणायची आणि मी तिला मावशी म्हणायचे, एवढंच नातं. माहेर सापगावचं, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावरचं. सासर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. नवरा गेल्यावर दिरांच्या घरात राहणं जमेना, तेव्हा मुलाला घेऊन ती शहापुरात आमच्या मागच्या आळीत खोली घेऊन राहिली. भावांच्या दारात न जाता भावांच्या जवळ, असं तिनं स्वतःपुरतं गणित बसवलं होतं. घडी घालायची तिची एक पद्धत होती. कागद दुमडायचा, स्टीलच्या वाटीचा तळ दुमडीवरून एकदाच ओढायचा, खर्रकन आवाज यायचा, आणि तो आवाज विरायच्या आत तिचा डावा हात पुढच्या प्रतीसाठी पुढे झालेला असायचा. नजर कागदावर नसायचीच. ती शेजारच्या बाईशी बोलत असायची, नाहीतर आईला भाजीत मीठ कमी आहे हे वासावरून सांगत असायची. तिला अक्षरओळख होती, पण वाचायला बसावं इतकी गोडी कधी लागली नाही. इतकी वर्षं आमच्या पेपराची प्रत्येक प्रत तिच्या हातून गेली आणि तिनं त्यातली एक ओळ वाचली नाही. बाबांना याचं वाईट वाटायचं. तिला नाही.

भात झोडून झालं की तिचा थोरला भाऊ दामूमामा मोटरसायकलवर पुढे गोणी आणि मागे पोह्यांची पिशवी घेऊन तिच्याकडे यायचा. नवे तांदूळ आणि त्याच भाताचे हातसडीचे जाड, लालसर पोहे. माहेरचे. तो चहा प्यायचा, चार शब्द बोलायचा, जायचा. मग मावशी पोह्यांचा एक डबा भरून आमच्याकडे आणायची आणि आईच्या पुढ्यात ठेवून म्हणायची, "घ्या ताई, माझ्या बापाच्या शेतातलं." दरवर्षी हेच वाक्य. तिच्या बापाला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि सातबाऱ्यावर तिचं नाव कधी चढलंच नव्हतं, भावांनी दोघांचीच नावं लावली होती. पण शेत तिच्या लेखी बापाचंच होतं आणि पोहे हा त्याचा पुरावा होता. त्या पोह्यांना दूध-गूळ घातला की वाटीत नुसता खळ्याचा वास यायचा.

पेपराला घरघर कधी लागली ते मला नेमकं सांगता येत नाही. शिक्षक आधी गेले. "फोनवर सगळंच दिसतं हो आता," असं ते मोठ्या आपुलकीनं सांगायचे आणि वर्गणी थांबवायचे. मग वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिराती गेल्या. त्या आधी फ्लेक्सवर गेल्या, तिथून ग्रुपवर. मग निधनवार्ता गेल्या. चहाच्या हॉटेलांतून आमचा अंक टेबलावरून खिडकीच्या फटीत गेला आणि तिथून भजी बांधायला. सलूनवाला शेवटपर्यंत टिकला होता, कारण दाढीचा फेस पुसायला आमचा कागद त्याला आवडायचा, शाई हाताला लागायची नाही. बाबांनी खर्चासाठी पानांचा आकार कमी केला तेव्हा तोही म्हणाला, "संपादक, आता एका गिऱ्हाईकाला दोन पानं लागतात. नाय परवडत." शुक्रवारी येणाऱ्या बायका कमी होत गेल्या आणि शेवटी एकटी चांगुणामावशी उरली. भाजी तेवढीच व्हायची, आईला अंदाज बदलता येत नव्हता.

आणि तरीही पेपर चालला. मरत होता आणि चालत होता. कारण त्याला असं एक गिऱ्हाईक मिळालं होतं की ज्याला वाचक नको होते. महामार्ग आला, त्याच्या मागून मुंबईच्या लोकांची बंगल्यांची हौस आली आणि शहापूर-मुरबाडमध्ये माळरानसुद्धा विकलं जायला लागलं. जमीन विकत घेण्याआधी वकील स्थानिक पेपरात जाहीर नोटीस देतात: तमाम लोकांना कळविण्यात येते की अमुक मिळकत अमुक यांच्या मालकीची असून त्यांना अन्य कोणीही वारस नाहीत, कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावे, अन्यथा कोणाचाही हक्क नाही असे समजण्यात येईल. तमाम लोकांना कळवायचं हे कागदोपत्री. तमाम लोकांना न कळलेलंच बरं, हे पोटात. त्यासाठी 'भातसाकाठ'सारखा पेपर शोधून सापडला नसता. मुरबाडचे एक वकीलसाहेब नेहमी यायचे, अतिशय सभ्य माणूस. ते एकदा चहा पिता पिता म्हणाले, "संपादक, तुमच्या पेपरावर आमचा फार विश्वास. आजवर एक फोन आला नाही." बाबांनी हे कौतुक म्हणून घ्यायचं की काय ते ठरेपर्यंत त्यांचा चहा गार झाला.

त्या नोटिसा मी टाइप करायचे. कॉलेज मुरबाडला, आणि घरी आल्यावर पडवीतल्या कॉम्प्युटरवर अंक लावायचा, हे माझं काम. बाबा फक्त अग्रलेख वाचून द्यायचे. नोटिसा ते वाचत नसत. जाहिरातीचा मजकूर तपासणं संपादकाच्या कक्षेत येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांची कक्षा त्या काळात फार सोयीची आखलेली होती. मी एकदा म्हटलं, "बाबा, हे कोणी वाचत नाही म्हणून तर आपल्याकडे देतात. ज्याची हरकत असेल त्याला कळणार कसं?" बाबा चष्मा पुसत म्हणाले, "ते बघणं आपलं काम नाही. पेपरात आलं म्हणजे जगाला सांगितलं. छापलं म्हणजे सांगितलं." आतून आई म्हणाली, "पूर्वी लोक वाचायचे ते आपण खात होतो. आता वाचत नाहीत ते खातो." ती हे रागानं म्हणाली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली. माझी फी त्याच आठवड्यात भरली होती, त्यामुळे मी पुढे काही बोलले नाही.

एका बुधवारी मी नोटीस टाइप करत होते. मौजे सापगाव, एवढं टाइप झालं तेव्हा हात थांबला नाही, सापगावच्या नोटिसा बऱ्याच असायच्या. खाली दोन नावं आली. थोरला दामू आणि धाकटा, बापाच्या नावासकट, आडनावासकट. आणि पुढचं वाक्य नेहमीचंच होतं, माझ्या बोटांना पाठ असलेलं: त्यांना अन्य कोणीही वारस नाहीत. ते वाक्य टाइप करून झालं तेव्हा मी पाहिलं की मी ते टाइप केलं आहे.

शुक्रवारी मावशी घड्या घालत होती. नोटीस दुसऱ्या पानावर, अग्रलेखाच्या खाली चौकटीत होती. खर्रकन वाटी फिरायची आणि तिचे दोघे भाऊ दुमडले जायचे. मला ते पाहवेना. बाबा पोस्टात गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं. वाचून दाखवायला लागले तर तिनं हात वर केला.

"ठाव हाय गो मला."

"ठाऊक आहे? कोणी सांगितलं?"

"दामूनं. पोहे आनले तवाच बोलला. बाय, काय कागद झाला तर मनात धरू नको. मी म्हनलं, मी काय धरनार?"

आई चुलीपाशी भाकरी भाजत होती, तिनं वळूनही पाहिलं नाही, पण भाकरी तव्यावर नेहमीपेक्षा जास्त राहिली.

मी कॉलेजात शिकलेलं सगळं तिच्यावर ओतलं. मुलीचा हिस्सा असतो, कायदा आहे, नुसता हरकतीचा एक अर्ज दिलास तरी व्यवहार थांबेल, वगैरे. ती ऐकून घेत होती, माझ्याकडे थोड्या कौतुकानं बघत, जसं लहान पोरानं पाढे म्हटल्यावर बघतात.

"कायदा पोहे आनून देतो काय गो?" ती म्हणाली. "जमीन घेतली का म्हायेर गेलं. मग दामू नाय येनार, भाऊबीज नाय, काय नाय. मला त्या दारात एकदा तरी जायला पायजे. मेल्यावर तरी तिकडचं पानी पायजे."

"आणि रवीला?"

रवी तिचा मुलगा. आसनगावला कंपनीत शिफ्टला जायचा, नुकतं लग्न झालेलं, आईच्या एका खोलीत पडदा लावून संसार.

"त्याला कललं तर तो गप बसंल काय? त्याची बायको बसंल? आनि का बसावं त्यानी? त्याचं बी खरं हाय ना." मग तिनं माझा हात धरला. तिच्या बोटांना खळ वाळलेली होती. "मला नाय ठाव, असं चाललंय तवर बरं चाललंय. तुमचा पेपर बरा, कोन वाचत नाय. तू कोनाला बोलू नको. बापसाला पन नको. बापूस तुझा भला मानूस, पन त्याच्या पोटात काय ऱ्हात नाय."

आई म्हणाली, "नाही बोलणार ती." माझ्या वतीनं आईनंच शब्द दिला. मी तो पाळला. इतक्या वर्षांनी मी उलटसुलट करून पाहिलं आहे, आणि मला अजून कळत नाही की त्या दिवशी मी दुसरं काय करायला हवं होतं. हे न कळण्याचं ओझं चूक कळण्याच्या ओझ्यापेक्षा जास्त असावं असं मला वाटतं.

त्याच दुसऱ्या पानावर, नोटिशीच्या वर, बाबांचा अग्रलेख होता. भातसाच्या पाण्यावरचा. बाबांनी आयुष्यभर त्याच विषयावर लिहिलं, पण या वेळी त्यांना जमून गेलं होतं. मोठे शब्द नव्हते. धरणाच्या ऑफिसाच्या खिडकीतून दिसणारी एक बाई होती, डोक्यावर दोन हंडे, आणि तिच्या मागे पाण्यानं भरलेलं क्षितिज. एवढंच. मी टाइप करताना एकही शब्द बदलला नव्हता, आणि असं सहसा होत नसे. शनिवारी बाबा स्टँडजवळच्या हॉटेलात गेले, कोणीतरी लेखाविषयी बोलेल म्हणून. तिथे त्यांच्या ओळखीचा एक सरपंच भेटला. त्यानं आदरानं खुर्ची दिली आणि विचारलं, "संपादक, पेपर चालू हाय ना अजून?"

बाबा तडक घरी आले. मी मुरबाडला गेले होते. आदल्याच आठवड्यात मी त्यांना नव्या फोनवर फोटो काढून ग्रुपवर कसा टाकायचा ते शिकवलं होतं. तालुक्यातल्या प्रतिष्ठितांचा एक मोठा ग्रुप होता, त्यात ते होते आणि आजवर फक्त नमस्काराचे हात पाठवत आले होते. त्यांनी पडवीत अंक सतरंजीवर पसरला, कोपऱ्यांवर खळीचं पातेलं, वाटी, चष्म्याची डबी आणि स्वतःचा पाय ठेवला, आणि पूर्ण पानाचा फोटो काढून टाकला. फोटो इतका स्वच्छ आला होता की कडेला त्यांचा अंगठाही स्पष्ट दिसत होता.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बाबा अंगणात उभे राहून फोन हातात धरून वाचत होते, आणि त्यांचा चेहरा मी लहानपणानंतर प्रथमच तसा पाहत होते. "बघ, किती जणांनी वाचलं. वासिंदहून एकजण म्हणतो, डोळ्यात पाणी आलं. म्हणजे आहेत गं वाचणारे. आहेत." मी फोन घेतला. लेख होता. अंगठे होते, हात जोडलेले होते, फुलं होती. आणि खाली चौकट होती. मी बोटांनी ती मोठी केली, आणि मला तेव्हाच कळलं की असं करणारी मी पहिली नसणार.

लेख वाचून झाल्यावर लोक खाली गेले होते. फोनवर कागदासारखं नसतं, नजर ठरलेल्या जागी थांबत नाही. सापगावच्या कोणीतरी लिहिलं होतं, दामूशेठ जमीन विकतात वाटतं. कोणीतरी विचारलं, यांना बहीण आहे ना? कोणीतरी नुसतं हसलं होतं. तिथून ते पान सापगावच्या ग्रुपवर गेलं, तिथून कंपनीतल्या ग्रुपवर, आणि रविवारी रवी शिफ्ट संपवून आला तो घरी न जाता आधी आमच्याकडे आला.

तो ओरडला नाही. पडवीत उभा राहून बाबांना म्हणाला, "काका, बरं केलंत. तुमच्या पेपरानं कळलं." बाबांना काही उमगेना. रवीनं मोबाइल पुढे केला. बाबांनी आयुष्यात प्रथमच आपल्या पेपरातली नोटीस वाचली, उभ्यानं, ओठ हलवत. शेवटच्या वाक्यापाशी आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या आळीतून मावशी आली होती आणि दारात थांबली होती.

"रवी, चल घरी," ती म्हणाली.

"आये, तुला म्हाईत होतं?"

रवीनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "अन्य कोणीही वारस नाहीत," तो म्हणाला. "तू मेली काय मंग? मी कोनाच्या पोटचा?"

त्याचं खरं होतं. तिनंच म्हटलं होतं, त्याचं बी खरं हाय. त्यानं वकील गाठला, हरकत दिली, व्यवहार अडला. पुष्कळ महिन्यांनी तडजोड झाली, मावशीच्या नावचा हिस्सा पैशाच्या रूपात मिळाला आणि रवीनं टिटवाळ्याच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. न्याय झाला. मी असं म्हणते आणि खरंच म्हणते. आमच्या पेपराच्या सगळ्या आयुष्यात त्याच्यामुळे कोणाला न्याय मिळाला असेल तर तो तेवढाच.

दामूमामा एकदा आमच्याकडे आला. बसला नाही. "संपादक, तुमच्यावर भरवसा होता," म्हणाला आणि गेला. वकीलसाहेब आले, चहा प्यायले, आणि नेहमीच्या सभ्यपणानं म्हणाले, "काय आहे, तुमचा पेपर आता लोक वाचायला लागले." त्यानंतर त्यांची नोटीस आली नाही, इतर वकिलांचीही नाही. लोकांनी वाचला त्याच आठवड्यात 'भातसाकाठ' बंद पडायला लागला, आणि पावसाळा संपायच्या आत बंद पडला. समारोपाचा अंक काढून एक समारंभ करावा असं बाबांच्या मनात होतं. आईनं विचारलं, शाली आणायच्या का. मग तो विषय पुन्हा निघाला नाही.

मला ठाऊक होतं हे मी बाबांना त्या रविवारीच सांगितलं. मावशीनं घेतलेला शब्द, सगळं. त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला. मग म्हणाले, "तू सांगितलं असतंस तर मी फोटो टाकला नसता, असं मला म्हणायचं आहे. पण मला खात्री नाही. लेख चांगला झाला होता." आमच्या घरात इतकं प्रामाणिक वाक्य कोणी बोललेलं मला आठवत नाही, आणि त्याचा कोणालाही उपयोग झाला नाही.

त्या वर्षी भात झोडून झालं तरी मोटरसायकल आली नाही. मावशी रवीबरोबर टिटवाळ्याला गेली नव्हती. पाय लागत नाय तिकडं, म्हणायची. दिवाळीच्या आधी ती नेहमीचा डबा घेऊन आली आणि आईपुढे ठेवला. पोहे पांढरे, पातळ, एकसारखे होते. "घ्या ताई," एवढंच म्हणाली, पुढचं वाक्य आलं नाही. आईनं डबा दोन्ही हातांनी घेतला. आम्ही ते पोहे गूळ-दूध घालून खाल्ले आणि चांगले झालेत असं तिघंही म्हणालो. तिनं आमच्यातल्या कोणाला एक शब्द बोलून दाखवला नाही. एखादा शब्द बोलली असती तर मला फार बरं वाटलं असतं, आणि तेवढ्यासाठीच मी पुष्कळ दिवस तिच्यासमोर घुटमळत राहायचे.

दामूमामा त्यानंतर दोन-तीन वर्षांनी गेला. आमच्याकडे पद्धत अशी, की कोणी गेलं तर भावकीतला माणूस स्वतः निघतो आणि लेकीबहिणींच्या दारात जाऊन सांगतो. त्या आल्याशिवाय उचलत नाहीत. बहिणीनं तोंडात पाणी घालायचं असतं. मावशीच्या दारात कोणी आलं नाही. रवीला कंपनीत संध्याकाळी फोनवर फोटो दिसला, फुलांच्या चौकटीत दामूमामा, खाली शोकाकुल म्हणून भावापासून नातवंडांपर्यंत सगळ्यांची नावं. रवीनं आईला फोन केला तोवर सापगावला सगळं आटपून लोक आंघोळीही करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या पडवीत आली. रडून झालेलं दिसत होतं. मला म्हणाली, "त्या नावांत माझं नाव नाय ना?"

मी रात्रीच पाहिलं होतं. "नाही मावशी."

"तू छाप."

"पेपर बंद आहे गं."

"ठाव हाय. एकच छाप. मला कोनाला वाटायचा नाय."

"मग छापून काय..." मी बोलता बोलता थांबले. ती आतल्या दाराकडे बघत होती. तिथे बाबा उभे होते, बनियनवर, हातात दात घासायचा ब्रश.

"तुमीच म्हनायचे ना," ती त्यांना म्हणाली, "छापलं म्हंजे सांगितलं."

बाबांनी ब्रश ठेवला, सदरा घालून आले आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मी जुनी फाइल उघडली. मी नुसत्या कोऱ्या कागदावर काढणार होते, तर ते म्हणाले, "नाही. मथळा घाल." मी 'भातसाकाठ'चा मथळा घातला. पुढचा अंक क्रमांक त्यांना तोंडपाठ होता. मजकूर त्यांनीच सांगितला, आणि त्यांच्या सगळ्या लिखाणात तो सर्वांत छोटा होता: सापगावचे दामू यांचे निधन झाले. मग ते मावशीकडे वळले. "आडनाव कुठलं घालू, चांगुणा? माहेरचं का सासरचं?"

ती विचार करत राहिली. "नुसतं बहीन म्हना," ती म्हणाली.

शोकाकुल, बहीण चांगुणा. बाबांनी तो कागद प्रिंटरमधून निघाल्यावर हातात घेतला, चष्मा लावला आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवला, मथळ्यापासून, अंक क्रमांकापासून, तळाच्या मालक-मुद्रक-प्रकाशक-संपादकापर्यंत, काही न गाळता. तिनं तो त्यांच्याकडून घेतला. आईनं आतून वाटी आणून दिली. मावशी खाली बसली, कागद दुमडला, वाटीचा तळ दुमडीवरून एकदाच ओढला, खर्रकन आवाज झाला, आणि तिचा डावा हात सवयीनं पुढच्या प्रतीसाठी पुढे आला.

तो तसाच थोडा वेळ पुढे राहिला. आमच्यापैकी कोणाकडे त्यावर ठेवायला काही नव्हतं.